कारभारीण

(किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण मुलींच्या शाळागळतीवर बोललो, लवकर होणाऱ्या लग्नांवर बोललो. आता खेळावर बोलायचं आहे. आपल्या शिबिरांत हा विषय नेहमी जेवणानंतर येतो, सगळ्या पेंगत असताना. जणू खरे प्रश्न संपले की मग खेळ. माझं म्हणणं असं आहे की मुलीचं शरीर, तिचा वेळ, तिची मजुरी आणि सार्वजनिक जागेवरचा तिचा हक्क, हे सगळे प्रश्न मैदानावर एकत्र भेटतात.

मी स्वतः खेळाडू नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून शहरातल्या वस्त्यांमध्ये मुलींचे गट चालवते. मुली मैदानावर यायला लागल्या की काही दिवसांनी त्यांच्या आया येतात. भांडायला येत नाहीत. एकच प्रश्न विचारतात, "ताई, खेळून हिचं पोट भरणार आहे का?" या प्रश्नाला आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास असे शब्द पुरत नाहीत. कारण प्रश्न रोजगाराचा आहे. आणि तो अडाणी प्रश्न नाही, अगदी शहाणा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधताना मला एका बाईची वाटचाल फार उपयोगी वाटली. ती आज तुमच्यासमोर मांडते. बाई अमेरिकेची, कृष्णवर्णीय, गरीब घरातली. तिचं नाव डॉन स्टेली. हसू नका, आपल्या सिनेमातला डॉन वेगळा. इंग्रजीत हे मुलीचं नाव आहे, त्याचा अर्थ पहाट. ती बास्केटबॉल खेळायची, आता शिकवते.

अमेरिकेतली बाई कशाला, असं कुणाच्या मनात येईल. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय माणसांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे.

मैदानातली कारभारीण

आधी खेळ थोडा समजून घेऊ. बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या पाचजणी मैदानात असतात. उंच मुली रिंगजवळ उभ्या राहतात. पाचांमधली एक, बहुतेक वेळा सगळ्यांत बुटकी, चेंडू टप्पे देत पुढे आणते. कोण मोकळी आहे, कुणाला कोणी अडवून धरलंय, घड्याळात किती सेकंद उरलेत, हे सगळं बघून ती चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवते. तिला पॉईंट गार्ड म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर संघाची कारभारीण. डॉन स्टेली पाच फूट सहा इंचांची. बास्केटबॉलमध्ये ही उंची म्हणजे काहीच नाही. ती कारभारीणच होऊ शकत होती, आणि जगातल्या उत्तम कारभारणींपैकी एक झाली.

घरातली कारभारीण काय करते ते तुम्हाला सांगायला नको. कुणाच्या ताटात काय नाही ते तिला न विचारता कळतं. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते. फरक एवढाच की मैदानातल्या कारभारणीच्या वाढण्याची नोंद होते. तिच्या पासवरून दुसरीने बास्केट केली की पासही तिच्या नावावर मांडला जातो, त्याला असिस्ट म्हणतात. अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगमध्ये डॉनच्या नावावर असे १३३७ असिस्ट आहेत. आपली चळवळ इतकी वर्षं सांगते आहे की बाईच्या न दिसणाऱ्या कामाची मोजदाद करा. मोजलं की किंमत दिसते, हे या खेळाला समजलेलं आहे. पण नोंद झाली म्हणून लगेच मोबदला मिळतो असं नाही. तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

मैदान

डॉनचा जन्म १९७० चा, फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातला. सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या रेमंड रोझेन नावाच्या वसाहतीत ती वाढली. पाच भावंडांत धाकटी. आईचं नाव एस्टेल. एस्टेलबाई मूळच्या दक्षिणेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यातल्या. वंशभेदाला आणि गरिबीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत आली, त्यांतलंच हे एक कुटुंब. एस्टेलबाई लोकांच्या घरची साफसफाई करायच्या. म्हणजे आपण जिला घरकामगार म्हणतो, तीच ही बाई. इथे बसलेल्यांपैकी किती जणी घरकामगार संघटनेचं काम करतात ते मला माहीत आहे. आपल्या सभासदाची मुलगी आहे असं समजून पुढचं ऐका.

वसाहतीच्या मैदानात डॉन मुलग्यांबरोबर खेळून तयार झाली. बुटकी, त्यात मुलगी. मुलग्यांच्या खेळात टिकायचं तर त्यांच्याआधी दोन पावलं बघायला हवं. पुढे तिचा जो खेळ जगाने पाहिला तो असा घडला.

पण नुसत्या गल्लीतल्या खेळाने ती पुढे गेली नसती. तिच्या आधी एक गोष्ट घडून गेली होती. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला, 'टायटल नाइन' नावाचा. ज्या शिक्षणसंस्था केंद्र सरकारचा पैसा घेतात त्यांनी शिक्षणात लिंगभेद करायचा नाही, एवढाच त्याचा गाभा. मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखही नव्हता. पण बायकांनी तो खेळाला लावून घेतला. शाळा-विद्यापीठांतून मुलींचे संघ उभे राहिले, मुलींना खेळावर शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. हा कायदा झाला तेव्हा डॉन दोन वर्षांची होती. तिला तो लहानपणी माहीतही नसेल. पण १९८८ मध्ये घरकामगार बाईची ही मुलगी व्हर्जिनिया विद्यापीठात गेली, ती या कायद्याने उघडलेल्या दारातून.

तिथे तिने काय केलं ते थोडक्यात सांगते. तिच्या संघाने १९९०, ९१ आणि ९२ अशी सलग तीन वर्षं देशातल्या शेवटच्या चार संघांत जागा मिळवली. १९९१ ची अंतिम लढत ज्यादा वेळेत गेली आणि व्हर्जिनिया ७०-६७ अशी हरली. तरी स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून डॉनचीच निवड झाली, हरलेल्या संघातली असूनही. ९१ आणि ९२ अशी दोन वर्षं ती देशातली सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू ठरली.

आता आपल्याकडे या. तुमच्या वॉर्डातल्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सातमध्ये कोण असतं? आमच्या वस्तीजवळ एक मैदान आहे. कागदोपत्री ते सर्वांसाठी खुलं आहे. प्रत्यक्षात तिथे क्रिकेटचे चार डाव एकाच वेळी चालू असतात आणि मुली कडेने, भिंतीला लागून, घरी जातात. आम्ही परवानगी मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "मैदान सर्वांचं आहे, मुलींना कोणी अडवलंय का?" कोणी अडवलेलं नसतं, आणि तरी जागा नसते. अमेरिकेतल्या बायकांनी ओळखलं ते हेच. नुसतं खुलं ठेवून भागत नाही. हिस्सा लिहून घ्यावा लागतो.

मजुरी

१९९२ साली डॉन पदवीधर झाली. देशातली सर्वोत्तम खेळाडू. आणि तिच्या देशात तिच्या कौशल्याला नोकरी नव्हती. बायकांची एकही व्यावसायिक लीग अमेरिकेत चालू नव्हती. त्याच वर्षी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या शकील ओनील या पुरुष खेळाडूला सात वर्षांसाठी चार कोटी डॉलरच्या आसपासचा करार मिळाला. खेळ एकच, वर्ष एकच. त्या वर्षीच्या ऑलिंपिक संघातही डॉनची निवड झाली नाही.

मग ती परदेशी गेली. फ्रान्स, इटली, ब्राझील, स्पेन. भाषा येत नाही, माणसं ओळखीची नाहीत. हंगाम असेल तिथे जायचं, हंगाम संपला की परतायचं. आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या बायकांशी तिची तुलना मी करणार नाही, तिच्या आणि त्यांच्या हलाखीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण कामाचं स्वरूप स्थलांतराचंच होतं, आणि कारणही तेच की गावात काम नाही.

१९९६ चं ऑलिंपिक अमेरिकेतच, अटलांटा शहरात व्हायचं होतं. आधीच्या १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये आणि १९९४ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या बायकांना कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं होतं. म्हणून पहिल्यांदाच वर्षभर एकत्र राहणारा राष्ट्रीय संघ तयार केला गेला. प्रत्येकीला वर्षाचे ५०,००० डॉलर. या संघाने देशोदेशी फिरून ५२ सामने खेळले आणि एकही गमावला नाही. मग ऑलिंपिकचे आठ सामने, तेही सगळे जिंकले. अंतिम सामन्यात ब्राझीलला १११-८७ असं हरवून सुवर्णपदक. त्या संघात डॉन होती.

या एका वर्षाने एक जुना समज मोडला. बायकांचा खेळ कोणी बघत नाही, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. अटलांटामध्ये हजारो लोक तिकीट काढून बघायला आले. त्याच वर्षी एबीएल नावाची बायकांची लीग सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुरुषांच्या एनबीए या लीगने डब्ल्यूएनबीए सुरू केली. डॉन आधी एबीएलमध्ये खेळली, रिचमंड आणि मग फिलाडेल्फियाच्या संघातून. एबीएल खेळाडूंना पगार बरा द्यायची. पण तिच्या मागे टीव्हीचा पैसा नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, ती दिवाळखोरीत निघाली. राहिली ती पुरुषांच्या लीगच्या मालकांनी काढलेली लीग.

इथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९९८ च्या अखेरीस डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंनी आपली युनियन स्थापन केली आणि १९९९ मध्ये मालकांशी पहिला सामूहिक करार केला. बायकांच्या सांघिक व्यावसायिक खेळातली ही पहिली युनियन. लक्षात घ्या, लीग सुरू होऊन जेमतेम दोन हंगाम झाले होते. "आधी खेळाला जम बसू दे, मग पगाराचं बघू" असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी कारखाना चालू द्या, आधी संस्था उभी राहू द्या, आधी घर सावरू द्या, हे बाईला नेहमीच सांगितलं जातं.

डॉन १९९९ मध्ये या लीगमधल्या शार्लट स्टिंग संघात आली. २००१ मध्ये या संघाने पहिल्या अकरापैकी दहा सामने गमावले आणि तरी त्याच हंगामात अंतिम फेरी गाठली. अंतिम फेरीत हरला, पण हे सावरणं त्या खेळात आजही सांगितलं जातं. पुढे ती ह्यूस्टनच्या संघात गेली आणि २००६ च्या हंगामानंतर निवृत्त झाली. मधल्या काळात सिडनी २००० आणि अथेन्स २००४ अशी आणखी दोन सुवर्णपदकं मिळवली. अथेन्सच्या उद्घाटन सोहळ्यात अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता. रेमंड रोझेन वसाहतीतल्या घरकामगार बाईच्या मुलीच्या हातात.

झेंडा हातात आला, बुटांच्या कंपनीने फिलाडेल्फियात सात मजली भिंतीवर तिचं चित्र रंगवलं. पण तिच्या कमाईचा हिशोब बघा. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यापुरता. २००० साली टेंपल या फिलाडेल्फियातल्याच विद्यापीठाने तिला मुलींच्या संघाची प्रशिक्षक व्हायला बोलावलं. तिला प्रशिक्षक व्हायचं नव्हतं, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. तरी तिने होकार दिला. मग खेळातून निवृत्त होईपर्यंत हिवाळ्यात ती शिकवायची आणि उन्हाळ्यात स्वतः खेळायची. गुडघे दुखत असताना. बाईची दुहेरी पाळी म्हणतो ती अशी. पुरुषांच्या लीगमधल्या तिच्या तोडीच्या एखाद्या खेळाडूला खेळतानाच दुसरी नोकरी धरावी लागली असती का?

तर "खेळून पोट भरेल का", या प्रश्नाचं उत्तर काय? डॉनसारख्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचंही नुसत्या कौशल्यावर भरलं नाही. लीग होती तेव्हा भरलं, युनियनने करार केला तेव्हा थोडं जास्त भरलं. म्हणून मी आयांना आता सांगते की भरतं, पण आपोआप भरत नाही. त्यासाठी मुलीने खेळायचं आणि आपण सगळ्यांनी भांडायचं, अशी कामाची वाटणी आहे.

आपल्याकडे काय दिसतं? भारतात बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईचं पोट भरलं ते मुख्यतः रेल्वेने. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतकी वर्षं वरचढ राहिला, कारण खेळाडू बाईला पगारी कायम नोकरी देणारी जागा तीच होती. केरळची गीतू ॲना जोस दक्षिण रेल्वेत होती. ती ऑस्ट्रेलियात जाऊन खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांनी तिला चाचणीसाठी बोलावलं. निवड झाली नाही, पण भारतातली बाई त्या दारापर्यंत पोचली. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आपल्या किती मुलींना, किती शाळांना हे माहीत आहे? नोकरीचा हा रस्ता फार रुंद नाही, पण आहे. खाजगीकरणात तो अरुंद होत जाणार, हेही आपण पाहतोच आहोत.

खुर्ची

आता तिसरी गोष्ट. मैदान मिळालं, मजुरी मिळाली, पण निर्णय कोण घेतं?

एक आकडा सांगते, तो मला अजून अस्वस्थ करतो. १९७२ साली, टायटल नाइन आला तेव्हा, अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. चाळीस वर्षांनी हे प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. असं कसं झालं? आधी हे काम जवळपास फुकटचं होतं, म्हणून ते बायकांकडे होतं. कायद्यामुळे त्यात पैसा आला, पगार आले, प्रतिष्ठा आली, आणि पुरुष आले. मुलींसाठी लढून मिळवलेल्या कायद्याने मुलींना मैदान दिलं आणि बायकांच्या खुर्च्या काढून घेतल्या. कायद्याचा हेतू तसा नव्हता. पण खुर्चीबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलं की ताकदवान माणूस ती घेतो. आपल्या पंचायतीतल्या आरक्षणानंतर 'सरपंच पती' कुठून आले, याचा विचार करताना मला हा आकडा आठवतो.

डॉनची दुसरी कारकीर्द या पार्श्वभूमीवर बघायला हवी. २००८ मध्ये ती साऊथ कॅरोलायना विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेली. म्हणजे तिच्या आईच्या राज्यात परत. त्या विद्यापीठात १९६३ च्या आधी कित्येक दशकं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. ती गेली तेव्हा कोलंबिया शहरात, विधानभवनाच्या आवारात, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा फडकत होता. तो उतरवायला २०१५ उजाडलं.

पहिल्या हंगामात तिचा संघ दहा सामने जिंकला आणि अठरा हरला. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय विजेता झाला. पुन्हा २०२२ मध्ये, आणि २०२४ मध्ये ३८ पैकी ३८ सामने जिंकून. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ मध्ये झालं, ती अमेरिकेच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक होती. त्या पदावरची पहिली कृष्णवर्णीय बाई. तिथेही सुवर्णपदक.

तिच्या हाताखाली तयार झालेली एजा विल्सन त्याच कोलंबिया शहराची. आज जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये तिचं नाव आहे. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या आवारात तिचा पुतळा उभारला गेला. तेव्हा एजाने सांगितलं की तिची आजी लहान असताना कृष्णवर्णीय माणसांना त्या आवारातून चालता येत नसे, बाहेरून वळसा घालून जावं लागे. गावकुसाबाहेरच्या वाटा ज्यांच्या आज्यांनी चालल्या आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगणार?

आणि पगार. २०२१ मध्ये डॉनने विद्यापीठाशी सात वर्षांचा २ कोटी २४ लाख डॉलरचा करार केला आणि २०२५ च्या सुरुवातीला तो आणखी वाढवून घेतला, वर्षाला ४० लाख डॉलरपर्यंत. महिला बास्केटबॉलमध्ये विद्यापीठ पातळीवरचा हा सर्वांत मोठा पगार ठरला. काही जणी म्हणतील, एका बाईला कोट्यवधी मिळाले यात चळवळीचं काय? शंका रास्त आहे. एकीच्या पगाराने बाकीच्यांची चूल पेटत नाही. पण पुरुषांच्या संघाचा प्रशिक्षक जे मागताना लाजत नाही ते मागताना बाईने का लाजावं? डॉनने मागितलं, उघडपणे मागितलं, आणि ते समतेचं मागणं आहे असं सांगून मागितलं. पुढच्या बाईला आता तो आकडा दाखवता येईल.

तिने फक्त स्वतःपुरतं तोंड उघडलं नाही. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष खेळाडूंना व्यायामासाठी साधनांनी भरलेला मोठा हॉल आणि बायकांना डंबेलचा एक छोटासा रॅक, असा प्रकार होता. एका खेळाडू मुलीने त्याचं चित्रण करून जगाला दाखवलं. तेव्हा डॉनने स्पर्धेच्या आयोजकांना जाहीर निवेदनातून खडसावलं. हातात चांगली नोकरी असताना, आपल्याच क्षेत्रातल्या वरिष्ठांविरुद्ध.

"बघणारेच नाहीत तर पैसा कुठून आणायचा", या जुन्या युक्तिवादाचं काय झालं तेही ऐका. २०२४ ची विद्यापीठ स्पर्धेची महिलांची अंतिम लढत अमेरिकेत सरासरी १ कोटी ८७ लाखांहून अधिक लोकांनी टीव्हीवर पाहिली. पुरुषांची अंतिम लढत १ कोटी ४८ लाखांनी. इतिहासात पहिल्यांदा बायका पुढे गेल्या. हरलेल्या संघात केटलिन क्लार्क होती, तीही पॉईंट गार्ड. जिंकल्यावर डॉनने व्यासपीठावरूनच केटलिनचे आभार मानले, तिने हा खेळ वर उचलला म्हणून. पुढच्याच आठवड्यात केटलिनची डब्ल्यूएनबीएमध्ये पहिल्या क्रमांकावर निवड झाली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. पुरुषांच्या लीगमध्ये त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या मुलाचा पगार सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे बघणारे आले तरी पैसा आपल्या पायांनी चालत आला नाही. जुलै २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या खेळाडू एका मोठ्या सामन्याआधी छातीवर घोषणा लिहिलेले शर्ट घालून मैदानात उतरल्या. घोषणेचा अर्थ होता, आमचं देणं आम्हाला द्या.

जाळीचा तुकडा

शेवटी एक छोटी गोष्ट सांगते. अमेरिकेत राष्ट्रीय विजेता संघ रिंगची जाळी कात्रीने कापून घेतो, आठवण म्हणून. १९९९ मध्ये कॅरोलिन पेक ही विद्यापीठाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरली. तिने आपल्या जाळीचा एक तुकडा जपून ठेवला आणि २०१५ मध्ये डॉनला दिला. तू जिंकलीस की तुझ्या जाळीचा तुकडा पुढच्या कुणाला तरी दे, असं सांगून.

डॉन २०१७ मध्ये जिंकली. त्या दोघींच्या मध्ये अठरा वर्षं गेली होती. तुकडा कुणाला द्यायचा, यावर तिने विचार केला आणि एकीला निवडायचंच नाही असं ठरवलं. २०२१ मध्ये तिने विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीतल्या प्रत्येक कृष्णवर्णीय महिला मुख्य प्रशिक्षकाला जाळीचा एकेक तुकडा पाठवला. या सगळ्या स्पर्धेत तिच्या विरुद्ध उभ्या राहणाऱ्या बायका. बाईच बाईची शत्रू असते, हे वाक्य ज्यांना फार आवडतं त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता चर्चेसाठी तीन कामं मांडते आणि थांबते.

पहिलं काम, मैदानाची मोजणी. आपापल्या वॉर्डातल्या, गावातल्या एका मैदानावर आठवडाभर संध्याकाळी पाच ते सात दोघींनी बसायचं आणि किती मुलगे, किती मुली, कोण किती जागा वापरतं हे लिहून काढायचं. हा कागद हातात असला की "कोणी अडवलंय का" या प्रश्नाला उत्तर देता येतं. मुलींसाठी राखीव वेळ, दिवा आणि स्वच्छतागृह, या मागण्या त्याच कागदाच्या जोरावर करायच्या.

दुसरं काम, नोकरीचा हिशोब. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून आपल्या जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत किती बायकांना नोकरी मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. उत्तर आलं की ते मुलींच्या आयांच्या बैठकीत वाचून दाखवायचं. उत्तर चांगलं असलं तरी आणि वाईट असलं तरी.

तिसरं काम, खुर्चीचं. आपल्या भागातल्या शाळांत मुलींना खेळ शिकवायला किती बाई शिक्षक आहेत, जिल्ह्याच्या क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत किती बायका आहेत, त्यातल्या किती जणींना बैठकीची सूचना खरोखर मिळते, हे विचारायचं. आणि आपल्या गटातली जी मुलगी खेळून मोठी झाली, तिचं लग्न झालं म्हणून तिला गमवायचं नाही. तिला शिट्टी द्यायची, मानधन द्यायचं आणि धाकट्या मुलींच्या गटासमोर उभं करायचं.

गटागटाने बसू या. मैदानाच्या मोजणीचा तक्ता मी करून आणला आहे. प्रत्येक गटाने एक घ्या आणि त्यात काय सुटलंय ते सांगा.